खिडकीत बसून बुडालेला जेड

मी एक जुना जेड आहे, म्हणजे गुबगुबीत पानांचं कुंडीतलं झाड. मित्रांनो, मी खिडकीत बसल्या बसल्या बुडालो होतो! तेही कुठे, तर हॉलंडमधल्या अशा गावात, जिथे समुद्रापेक्षा खालच्या जमिनीतून पाणी बाहेर काढण्यातच माणसांचा जन्म जातो. आजही आठवलं की माझ्या पानांना कापरं भरतं.

माझे मालक डाउवे गावाच्या पंपघरात कामाला होते. शेतात साचलेलं पाणी उपसून कालव्यात सोडायचं, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांनी माझी बोटभर फांदी एका साध्या मातीच्या कुंडीत लावली आणि मी वाढलो. ते मला रोज पाणी घालत नसत. माती आतपर्यंत कोरडी झाली, पानं जरा मऊ पडली, की मगच झारी उचलत. जास्तीचं पाणी कुंडीच्या भोकातून निथळून जाई. येणारेजाणारे आमच्या बिनपडद्याच्या खिडकीपाशी थबकून माझं कौतुक करत. मी भलताच ऐटीत होतो.

मग डाउवे गेले. एका सकाळी त्यांची खुर्ची रिकामी दिसली आणि ती रिकामीच राहिली. त्यांच्या पत्नी विट्स्केबाई माझ्याशीच बोलू लागल्या. "आता त्यांचा म्हणून तूच उरलास रे मला," असं म्हणत त्या रोज सकाळी स्वतः कॉफी घेताना मला पाणी देऊ लागल्या. शिवाय खिडकीच्या पांढऱ्या फळीवर डाग पडू नये म्हणून त्यांनी मला कुंडीसकट एका निळ्या चकचकीत भांड्यात बसवलं. त्या देखण्या भांड्याला भोकच नव्हतं!

पाणी जाणार कुठे? माझी मुळं गुदमरली. पानं पिवळी पडून गळू लागली. विट्स्केबाई घाबरल्या. "तहान लागलीय का राजा?" म्हणत आणखी ओतू लागल्या. मी हादरलो. इतकी माया, आणि तिच्यानेच माझा जीव चालला होता! ओरडायला मला तोंड नव्हतं.

डाउवेंच्या वाढदिवशी शेजारीण गेस्के कॉफीला आली. कॉफीबरोबर पाहुण्याला एकच बिस्किट, या तिथल्या रिवाजाप्रमाणे विट्स्केबाईंनी डबा पुढे केला, गेस्केने एक उचललं आणि डबा खटकन बंद झाला. नेमकी तेव्हाच माझी सर्वांत जाड फांदी थप्पकन जमिनीवर पडली. दोघी दचकून उभ्या राहिल्या. विट्स्केबाईंच्या हातातला कप कलंडला.

गेस्केने मला भांड्यातून उचललं आणि नाकच दाबलं. तळाशी काळं पाणी साचलं होतं.

"अगं बाई, हे काय! हा तहानलेला नाही गं, बुडालाय!"

"मी तर रोज न चुकता घालत होते..." विट्स्केबाई पुटपुटल्या.

"तेच तर! मला एक बिस्किट दिलंस की डबा बंद, आणि याच्यावर झारीच्या झारी रिकाम्या करतेस? डाउवेंनी जन्मभर गावातलं पाणी उपसलं, आणि तू त्यांच्याच झाडाचं तळं केलंस!"

विट्स्केबाईंनी ती पडलेली फांदी उचलली. "म्हणजे मीच मारलं त्याला?" असं म्हणून त्या डाउवे गेल्यापासून पहिल्यांदाच हमसून हमसून रडल्या.

माझं खोड लिबलिबीत झालं होतं. पडलेल्या फांदीचं टोक तेवढं टणक आणि हिरवं होतं. गेस्केने सडका भाग कापून टाकला आणि ते टोक तेवढं ठेवलं. मी आता एवढासाच उरलो होतो! जखम सुकेपर्यंत काही दिवस मला सावलीत कागदावर ठेवलं. मग गेस्के पुन्हा कॉफीला आली, तेव्हा डाउवेंची तीच भोकाची कुंडी घासूनपुसून दोघींनी मला तिच्यात, वाळू मिसळलेल्या मातीत लावलं.

विट्स्केबाईंचा हात सवयीने झारीकडे गेला. त्या थबकल्या. त्यांनी झारी कपाटात ठेवली, दार लावलं, आणि बिस्किटांचा डबा उघडून गेस्केपुढे सरकवला.

"घे, हवी तितकी घे. आज झाकण लावत नाही."

गेस्केने एक सोडून चक्क तीन उचलली.

मित्रांनो, माया करायची तर खुशाल अशी माणसांवर करा. माझ्यावर करताना मात्र आधी मातीत बोट खुपसून बघा, आणि ती ओली लागली तर झारी कपाटातच राहू द्या.