सायमनचे हात

हिवाळ्यात वाळू उडवत येणारा कोरडा वारा इथे आखातात, आमच्या झिंज वस्तीच्या गल्ल्यांतून घोंघावू लागला, की माझं डावं मनगट ठणकतं आणि ओल्या प्लास्टरच्या वासासकट सायमनचे हात आठवतात. वसईचा हा माणूस इथल्या एका इस्पितळात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचा. मी जिन्यावरून पडलो तेव्हा माझं मनगटही त्यानेच बांधलं होतं. "आता गरम लागेल, घाबरू नका," तो हलकेच म्हणाला होता.

त्या हातांत तलवार मी दिली. इथल्या मराठी मंडळासाठी मी नाटक लिहिलं होतं: सोन्याच्या लालसेने नव्या खंडाच्या अंतर्भागात घुसलेली स्पॅनिश फौज, साखळदंडात जखडलेला वाटाड्या, आणि 'सोनं पुढच्या गावात आहे' असं सांगत फौजेला स्वतःच्या गावापासून दूर नेणारं त्याचं निर्भय असत्य. त्या फौजेचा क्रूर कप्तान व्हायला मंडळातला एकही पुणेकर तयार होईना. "सायमन, आडनाव तुझंच शोभतं रे," मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला, पण जरा उशिरा. ते पोर्तुगीज आडनाव कसल्या जहाजांतून त्याच्या पूर्वजांपर्यंत आलं, हे मला ठाऊक होतं. पण जिभेला हाड नसतं हेच खरं.

प्रयोगाच्या संध्याकाळी तो कुणी निराळाच होता. जळत्या झोपड्यांचा तांबडा प्रकाश, माणसांवर सोडलेल्या कुत्र्यांचं गुरगुरणं, चिखलात तुडवलेली प्रेतं, आणि त्यातून शांतपणे चालत येणारा कप्तान. वाटाड्या मीच होतो. असत्य उघडं पडताच त्याने माझं मनगट, तेच मनगट, ओंडक्यावर दाबलं, क्षणभर माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि तलवार चालवली. लाल कापडात हात लपवून मी किंचाळलो. ती पकड अभिनयाची नव्हती. मला ती लागली, आणि लागायलाच हवी होती.

पहिल्या रांगेत त्याची सहा वर्षांची रिया बसली होती. पडदा पडल्यावर त्याने हात पुढे केला, तर ती आईमागे दडली.

"डोन्ट टच मी, पपा. यू कट हिज हॅन्ड."

पुढे केलेला हात मागे कसा घ्यावा, हे त्याला कळेना.

दुसऱ्या सकाळी त्याने मला सनाबिस वस्तीतल्या आपल्या घरी बोलावलं. मी शाबूत हात दाखवला, तरी रिया दाराआडून हलेना. मग सायमनने कोमट पाण्यात पट्ट्या भिजवल्या आणि काल तुटलेला हात आज जोडावा, अशा निगुतीने माझ्या मनगटाला प्लास्टर घातलं. रिया एकेक पाऊल पुढे आली. तिने त्यावर तळवा टेकवला.

"इट्स वॉर्म, पपा."

आणि त्याच्या पांढऱ्या, ओल्या बोटांत तिने आपली बोटं दिली. सायमन तोंड फिरवून रडला. मी आडनावाच्या त्या विनोदाची माफी मागितली. "खलास, झालं ते," तो म्हणाला.

आता ते वसईला परतलेत. सनाबिसच्या त्या खिडकीत दुसऱ्यांचे कपडे वाळतात. प्लास्टर केव्हाच कापलं, ऊब राहिली. पण वारा सुटला की ज्यांच्यासाठी कुणीच पाणी कोमट केलं नाही, ते त्या खंडातले, खरोखर हात तुटलेले वाटाडे आठवतात. काळ मोडलेलं जुळवतो म्हणतात. पण जे हात त्या रानातच पडून राहिले, त्यांची ऊब कुठल्या लेकराच्या तळव्याला आठवत असेल?