दुधाचा जोडधंदा

पूर्णिमाचा दुधाचा धंदा आहे, ही बातमी ऑफिसात केयूरने आणली. केयूरची बातमी निदान अर्धी तरी खरी असते, असं सगळे धरून चालायचे.

पुरावाही होता. नव्याने लागलेली ही वर्ध्याची मुलगी कात्रजला राहायची. खांद्याला रोज एक जाड निळी पिशवी, आत बर्फ. आणि जिन्यात उभी राहून ती सासूशी फोनवर बोलत असताना केयूरने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "आई, सकाळचं दूध पुरलं का? आज दोन बाटल्या भरल्या, घेऊन येऊन राहिली."

"माणसं साधी वाटतात हो," केयूर म्हणाला, "पण बघा, कोथरूडमध्ये पगार आणि कात्रजला म्हशी."

सगळे हसले. तनया हसली नाही, पण तिने कुणाला अडवलंही नाही. मेडिक्लेमच्या फायली तपासणाऱ्या त्या ऑफिसात ती नुकतीच टीमची प्रमुख झाली होती. घरी लहान लेक, इथे ही माणसं. दोन्हीकडे आपल्या हातून काहीतरी सुटतंय असं तिला सारखं वाटायचं.

दुपारी अभय सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमच्या पूर्णिमाबाई मधूनमधून कुठे गायब होतात?"

"विचारते सर."

"विचाराच. नोकरीत असताना जोडधंदा चालत नाही, हे आपण नेमणूकपत्रात मराठीतही लिहितो. त्यांना कायम करायचं की नाही, हे मला आज वर कळवायचंय."

पूर्णिमा जागेवर नव्हती. तनयाने जुन्या फायलींच्या खोलीचं दार ढकललं. ते उघडेना, आतून खुर्ची लावलेली होती.

"मी आहे, तनया."

खुर्ची सरकली. खोक्यांच्या मधोमध पूर्णिमा ओढणी सावरत उभी होती. हातात छोटा पंप, त्याला लावलेली अर्धी भरलेली बाटली. तनयाने चटकन आत येऊन दाराला पाठ लावली. तिला स्वतःच्या बाळंतपणानंतरचे दिवस, छातीतला तो ठणका, सगळं एकदम आठवलं. तेव्हा ती टॉयलेटमध्ये जाऊन दूध बेसिनमध्ये सोडायची आणि बाहेर येऊन पित्त झालंय म्हणायची.

"केवढं आहे?"

"चार महिन्यांचं. पोरगी आहे."

"मग सांगितलं का नाहीस, बाई?"

"मुलाखतीत सरांनी विचारलं होतं, घरी लहान कोणी आहे का. मी नाही म्हटलं. मग हे म्हशीचं निघालं. म्हटलं, राहू द्या. म्हशीपायी मेमोच भेटन, लेकरापायी नोकरी जाईन."

तनयाला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"सरांना आज सांगावंच लागेल. तू सांगतेस की मी सांगू?"

पूर्णिमा बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "तुम्हीच सांगा, मॅडम. माझ्यानं त्यांच्यापुढं तो शब्द निघणार नाही."

केबिनमध्ये शब्द तनयाच्याही तोंडून निघेना. येताना तिने मनात दोन-तीन इंग्रजी शब्द जुळवले होते, पण अभय सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ते सगळे पळाले.

"सर, ती दूध काढते."

"तेच तर म्हणतोय मी. किती म्हशी आहेत?"

"म्हैस नाही सर. बाळ आहे. चार महिन्यांचं."

अभय सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. कानांपर्यंत लाल झाले.

"पण मुलाखतीत त्या नाही म्हणाल्या होत्या. म्हणजे खोटं बोलल्या."

इथे गप्प बसलं तर आपलं काहीच जाणार नाही, हे तनयाला कळत होतं.

"तुम्ही सगळ्या बायकांना विचारता, सर. मलाही विचारलं होतंत."

"मग आपण काय म्हणालात?"

"मुलीला सासूबाई सांभाळतात म्हणाले. सासूबाई सांगलीला असतात."

बाहेर कुणीतरी प्रिंटरवर वैतागत होतं. मग सरांनी विचारलं, "पुरुषांना विचारतो का मी हे?"

"केयूरला जुळी आहेत सर. तुम्हाला माहीत होतं?"

त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कॉम्प्युटर जवळ ओढला, पूर्णिमाच्या नावापुढे 'कायम' असं लिहिलं आणि पाठवून दिलं. पडद्यावरची नजर न काढताच म्हणाले, "त्या खोलीला कडी नाही, ना?"

"नाही."

"या केबिनला आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी अभय सर लॅपटॉप घेऊन केयूरच्या शेजारच्या रिकाम्या टेबलावर येऊन बसले. केयूरने बंद केबिनकडे पाहिलं.

"सर, आत कोण आहे?"

"पूर्णिमाबाई. तुमचं काही काम आहे त्यांच्याकडे?"

"नाही, सहज विचारलं."

"मग सहजच बसा."

थोड्या वेळाने ते तनयाकडे वळून हळूच म्हणाले, "आत एसी फार थंड असतो हो. बंद कसा करायचा, हे सांगितलंत ना त्यांना?"