माहा, तुहा आणि मना

मी सॉफ्टबॉलचा ग्लोज बोलतोय. त्यातही साधासुधा नाही, कॅचरचा, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून बॉल झेलणारीचा. बाकीच्या ग्लोजना पाच बोटं असतात, मला आपला एकच जाडजूड पंजा. एकदा बुलडाणा तालुक्यातल्या धाडच्या बाजारात माझ्या मालकिणीच्या, महनूरच्या पिशवीतून मी जरा डोकं बाहेर काढलं, तर भाजीवाल्या भिमाबाईंनी मला उचलून उलटंपालटं केलं आणि विचारलं, "काय वं पोरी, गरम गंज उतरवाचं होय हे?" महनूर खो खो हसली. मला मात्र ते बरेच दिवस लागून राहिलं. अहो, चुलीवरची पातेली उतरवायला का जन्म झालाय माझा!

जन्म मेरठचा. कातडं तिथलं, दोरी तिथली, शिवण तिथली. तिथून खोक्यात घालून मला धाडच्या शाळेत पाठवलं. शाळेला खेळाचं सामान मिळालं होतं, पण तो खेळ कोणाला येत नव्हता. मग काय, मी थेट कपाटात. शेजारी एक सूर गेलेली पेटी आणि फाटकं व्हॉलीबॉलचं जाळं. अंधारात पडून राहायचं आणि उंदरांनी कुरतडलं तरी हूं की चूं करायचं नाही. माणसं वस्तू आणतात फार हौसेनं, आणि कपाटाची किल्ली हरवतात त्याहून सहज.

मग शाळेत पंजाबराव सर आले. त्यांनी कुलूप तोडलं. मैदानात पोरींना रांगेत उभं करून एकेकीकडे बॉल फेकला. बहुतेक पोरींनी डोळे मिटले. महनूरनं मिटले नाहीत. बॉल तिच्या खांद्याला लागला, ती कळवळली, पण बघत राहिली. "हे आपली कॅचर," सर म्हणाले आणि मला तिच्या हाती दिलं.

माझ्या पोटाला तेव्हा उंदरांनी पाडलेलं भोक होतं. महनूर मला घरी घेऊन गेली. तिचे अब्बा जहांगीरभाई गाद्या-रजया भरतात. त्यांनी मला मांडीवर घेतलं, आतलं कुजकं सारं काढून टाकलं, पिंजलेला कापूस दाबून दाबून भरला आणि गादीच्या दाभणानं शिवून टाकलं. "ले बेटा, अब सौ साल नहीं फटता," ते म्हणाले. वऱ्हाडचा कापूस पोटात गेल्यापासून मी मेरठचा राहिलो नाही. बोलायलाही इथलंच लागलो.

आणि मग मंजुश्री आली.

ती उंद्रीची, चिखली तालुक्यातली. जिल्ह्याच्या संघासाठी बुलडाण्याला सराव असायचा, तिथे या दोघी भेटल्या. मंजुश्री पिचर. हात गरकन फिरवून कमरेजवळून बॉल सोडायची, आणि तो बॉल माझ्यापर्यंत येता येता वर चढायचा. पहिल्या दिवशी तो माझ्या वरून गेला आणि महनूरच्या जाळीच्या मुखवट्यावर आदळला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि अशा हसल्या की सरांनी दोघींना मैदानाचा फेरा मारायला लावला. पळतानाही हसतच होत्या.

हळूहळू तो बॉल मला कळू लागला. मंजुश्रीचा खांदा किंचित खाली गेला की महनूर मला वर न्यायची. फट्! काय सांगू तुम्हाला, त्या आवाजासाठीच मी जगतो. दुसऱ्या कोणाच्या बॉलला तसा आवाज यायचा नाही.

दोघींचं बोलणंही ठरलेलं. बॉल उंच उडाला आणि कोणी पकडायचा असा घोळ झाला, की मंजुश्री ओरडायची. स्वतः घेणार असेल तर "माहा!" आणि महनूरनं घ्यायचा असेल तर "तुहा!" बस. पुण्यामुंबईच्या पोरी हसतील याला, हसोत बापड्या. या दोन शब्दांवर आमच्या संघानं एकही उंच बॉल जमिनीवर पडू दिला नव्हता.

दोघींचं स्वप्न एकच, राष्ट्रीय स्पर्धा. सतरा वर्षांखालच्या. रस्ता माहीत होता. जिल्ह्याचा संघ अमरावती विभागात खेळणार, तिथे अकोला, वाशिम, यवतमाळ भेटणार. तिथून जिंकलं की राज्य, आणि राज्यात जो खेळ दाखवील त्याला राष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्या महाराष्ट्राच्या संघात जागा. मागच्या वर्षी विभागात थोडक्यात हुकलं. यंदा नक्की, असं सगळेच म्हणत होते. आणि यंदाच व्हायला हवं होतं, कारण पुढच्या वर्षी दोघींचंही वय उलटणार होतं.

एके दिवशी सर मैदानात आले ते मोबाईलकडे बघतच. त्यांनी पोरींना गोल बसवलं.

"पोरीहो, गट बदलले," ते म्हणाले. "आता विभाग नाई राह्यले. नवे गट पाडले. आपला जिल्हाच दोन जागी वाटला. बुलडाणा आन मोताळा तालुका जळगावच्या गटात. चिखली आन खालचे तालुके जालन्याच्या गटात."

"मंग मी आन महनूर?" मंजुश्रीनं विचारलं.

सरांनी मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाले, "दोन्ही गटांचे जिंकलेले संघ एकमेकाशी खेळतीन. त्याच्यातून एकच संघ राज्याले जाईन."

खोटं कशाला बोलू, बदल करणारे काही वैरी नव्हते. धाडहून अमरावती केवढी लांब! पोरी एसटीत बसून बसून खेळायच्या आधीच दमायच्या. जळगाव त्या मानानं जवळ. प्रवास कमी व्हावा, नव्या गावांना संधी मिळावी, असाच विचार असणार. कागदावर तो चांगलाच दिसला असेल. कागदावर मंजुश्री दिसत नव्हती, एवढंच.

त्या दिवशी मंजुश्री बॉल टाकायला उभी राहिली आणि तिला टाकताच येईना. महनूर माझ्याआड तोंड लपवून रडली. माझं कातडं ओलं झालं. मी काय करणार, भिजत राहिलो.

जळगावच्या सरावाला महनूर एकटी गेली. तिथल्या पोरी दांडग्या, खेळ फार चांगला. तिसऱ्या बेसवर सुचिता नावाची पारोळ्याकडची पोरगी होती. दिवसभर हसणारी आणि मैदानात गळा फाडून ओरडणारी. पहिल्याच दिवशी आमच्या डोक्यावर बॉल उडाला. महनूर मला घेऊन धावली, तोच सुचिता ओरडली, "मना! मना!"

महनूर जागच्या जागी थांबली. सुचितानं बॉल झेलला.

दुसऱ्यांदा तेच. "मना!" तिसऱ्यांदाही तेच. महनूरच्या घरात, तिच्या मोहल्ल्यात 'मना' म्हणजे मनाई. करू नको. हात लावू नको. तिला वाटलं, ही पोरगी आपल्याला बॉलला हातच लावू देत नाही. मग ती आपल्या वाट्याचे बॉलही सोडायला लागली. मी तिच्या हातात असून नसल्यासारखा. तिथले सर म्हणाले, "बुलडाण्याची कॅचर भित्री दिसते." भित्री! माझी महनूर! माझ्या पोटातला कापूस पेटला नाही हेच नशीब.

फोनवर तिनं मंजुश्रीला सांगितलं, "मले सारखी मना करून राह्यली ते. मी वापस येतो."

"काऊन येतं?" मंजुश्री म्हणाली. "तू आली का आपल्यापैकी एकही नाई जात पुढं. थांब तिथंच."

ती थांबली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पोरी झाडाखाली बसल्या होत्या. महनूर जरा बाजूला, मी तिच्या मांडीवर. सुचितानं आपला डबा उघडून तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "खाय ना वं. मना डबा शे."

महनूरनं पुढे केलेला हात चटकन मागे घेतला. तिचा चेहरा मी खालून पाहिला. बॉल लागल्यावरही ती कधी इतकी दुखावली नव्हती.

सुचिताचं हसू मावळलं. "काब्र वं? मना हातनं खात नै का तू?"

"तूच त म्हणून राह्यली मना," महनूर म्हणाली. "बॉललेही मना, डब्यालेही मना. मी काय केलं तुह्यं?"

सुचितानं कपाळावर हात मारला. "माय वं! मना म्हंजे माझा! मना बॉल, माझा बॉल. मना डबा, माझा डबा! आमच्या अहिराणीत तसंच म्हणतात!"

"मना म्हंजे माहा?"

"माहा म्हंजे काय?"

"म्हंजे मना!"

झाडाखालच्या साऱ्या पोरी लोळायच्या बाकी राहिल्या. महनूर हसता हसता रडली, मग सुचिताच्या डब्यातली भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा खाऊन पुन्हा रडली. त्या दिवसापासून तिनं माझ्यातून एक बॉल निसटू दिला नाही. सरांनी तो 'भित्री' शब्द परत घेतला. त्यांनी तसं तोंडानं म्हटलं नाही, पण पहिल्या संघात तिचं नाव आलं.

आमचा संघ गट जिंकला. तिकडे जालन्याच्या गटात मंजुश्रीनं कमाल केली, त्यांचाही संघ जिंकला. म्हणजे ज्याची भीती होती तेच झालं. राज्याची एक जागा, आणि तिच्यासाठी या दोघी समोरासमोर.

सामन्याच्या दिवशी ऊन रणरणत होतं. दोघी भेटल्या, मिठी मारली आणि आपापल्या बाकाकडे गेल्या. मंजुश्रीचा बॉल आमच्या पोरींना कळेचना, आणि मी बाकावर पडून तो दुसऱ्याच ग्लोजमध्ये जाताना ऐकत होतो. हेवा वाटला, स्वच्छ सांगतो. तरी रडतखडत आम्ही एका धावेनं पुढे गेलो. शेवटची इनिंग आली. त्यांच्या दोघी बाद, तिसरी बाद झाली की सामना आमचा; तिसऱ्या बेसवर त्यांची एक पोरगी धावायच्या तयारीत, आणि बॅट हातात घेऊन आमच्यापुढे उभी मंजुश्री.

तिनं बॅट फिरवली. बॉल सरळ वर गेला, खूप वर. महनूरनं मुखवटा भिरकावला. तिकडून सुचिता धावत आली, "मना! मना!" आता अर्थ कळत होता, म्हणून महनूर थांबली. आणि बॉल उन्हात शिरला. सुचिताचे डोळे दिपले, तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. तिला बॉल दिसेना. महनूर तिच्याकडे बघत उभीच. बॉल खाली यायला लागला. पडला असता तर बरोबरी, आणि पुढे काय झालं असतं कोण जाणे.

"तुहा! महनूर, तुहा!"

महनूर आवाजासरशी झेपावली. मी जमिनीला घासत गेलो, माती खाल्ली, आणि बॉल माझ्यात आला. मी मिटलो तो घट्ट.

ओरडली होती मंजुश्री. पहिल्या बेसकडे पळता पळता, मान वळवून.

आमच्या पोरी नाचायला लागल्या. मंजुश्री वाटेतच थांबली होती, तोंडावर हात. तिच्या संघातली एक पोरगी चिडून म्हणाली, "कुणाकडून खेळतीस गं तू?" महनूर नाचली नाही. बॉलसकट मला घेऊन ती मंजुश्रीपुढे जाऊन उभी राहिली.

"काऊन वरडली तू?"

मंजुश्रीचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "बॉल तुहाच होता नं."

राज्य स्पर्धेत महनूर चांगली खेळली आणि महाराष्ट्राच्या संघात निवडली गेली. निवड करणाऱ्यांपैकी एक जण तिला म्हणाले, "चढता बॉल इतका छान घेतेस, कोणी शिकवलं?" तिनं मंजुश्रीचं नाव सांगितलं. "हे नाव ऐकलं नाही," ते म्हणाले. कसं ऐकणार? ती त्यांच्यासमोर आलीच नाही.

आता राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली आहे. धाडमध्ये वेगानं बॉल टाकणारं कोणी नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी मंजुश्री उंद्रीहून एसटी बदलत बदलत येते आणि शाळेच्या मैदानावर आम्हाला बॉल टाकते. जहांगीरभाई माझी शिवण पुन्हा घट्ट करून देतात आणि तिला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. मघाशी महनूर म्हणाली, "मले नाई जाऊ वाटत तुह्याबिगर." मंजुश्री तिच्यावर खेकसली, "येडी हायेस का? तू नाई गेली त माहा बॉल कसा हाय हे तिथं कोण सांगन?"

गट पाडणारे लोकहो, तुम्ही मोठी माणसं, मी पडलो कापूस भरलेलं कातडं. बदल करू नका असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी रेघ मारण्याआधी एकदा मैदानावर या आणि बघा, कोण कोणाला बॉल टाकतं. पोरींना वयाची एवढीशीच वर्षं मिळतात हो. रेघ चुकली तर तुम्ही पुढच्या वर्षी खोडाल. मंजुश्रीला पुढचं वर्ष नाही.

तिची गाडी यायची वेळ झाली. "हा शेवटचा, मंग मी जातो," म्हणतेय. महनूरनं मला उघडून धरलंय. मंजुश्रीचा खांदा किंचित खाली गेला. थांबा, आता बोलत नाही. हा मला सोडायचा नाही.