सुटणारं शिसं

निवृत्त होऊन दोन महिने झाले आणि सिस्टरने मासे धरायला शिकायचं ठरवलं. पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सर्जनच्या हातात चिमटे आणि कात्र्या ठेवणाऱ्या बाईला घरात नुसतं बसवेना. तिचा थोरला भाऊ, दादा, चाळीस वर्षं तळ्यावर कार्प मासे धरायचा, तोलायचा आणि परत सोडायचा. तळ्यावरची मंडळी त्याच्या शब्दाबाहेर नव्हती.

दादाने तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर गळांची पेटी उघडली. नायलॉनच्या दोरीला शंभर ग्रॅमचं शिसं गाठ मारून पक्कं केलं, पुढे वीतभर दोरी सोडली आणि टोकाला उलट्या काट्याचा, एकदा रुतला की सहज न निघणारा गळ बांधला.

"माशानं दाणा तोंडात घेतला की शिशाच्या वजनानं गळ आपोआप रुततो," तो म्हणाला.

"आणि वरून दोरी तुटली तर?"

"माझी तुटत नाही."

"तुझं नाही, माशाचं विचारतेय."

दादा हसला. सिस्टरने तो गळ दाराच्या कडीला अडकवला, शिसं खुर्चीच्या पायामागे गुंतवलं, वरची दोरी कापली आणि दार ओढलं. खुर्ची फरशीवरून करकरत मागे आली.

"दार म्हणजे मासा, आणि खुर्ची म्हणजे पाण्यातलं झाड," ती म्हणाली. "हा मासा जन्मभर तिथेच बांधलेला राहील."

"दोन दिवस झाले नाहीत आणि मला शिकवतेस?"

"दोन दिवसांत दिसलं ते सांगितलं."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली आणि स्वतःच्या मनाने सामान घेतलं: एक साधी काठी, एक रीळ, जाड दोरी, ताण बसला की शिसं सोडून देणारा प्लॅस्टिकचा चिमटा, आणि बिनकाट्याचे गळ. घरी तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी शिसं चिमट्यातून निसटून टणकन फरशीवर पडलं आणि खुर्ची जागची हलली नाही.

तळ्यावर तिच्या सामानाची यथेच्छ टिंगल झाली. बिनकाट्याचा गळ म्हणजे बिनदाताचा कुत्रा, असं एकजण म्हणाला. तिसऱ्या रविवारी तिला मोठा मासा लागला, तो सरळ बुडालेल्या झाडाकडे धावला आणि दोरी तुटली.

"हातातोंडाशी आलेला घास," दादा म्हणाला. "माझी गाठ असती तर?"

"तुझीही दोरी तुटलीच असती. माझं शिसं सुटलं, मासा मोकळा आहे."

पुढच्याच रविवारी दादाची दोरी त्याच झाडावर तुटली. तो नवी दोरी ओवत बसला. तासाभराने फांद्यांजवळ पाणी घुसळलं जाताना सगळ्यांना दिसलं. एक कार्प पुन्हापुन्हा कुशीवर पडत होता आणि जागचा हलत नव्हता. शिसं फांद्यांत अडकलं होतं.

कोणी उठलं नाही. सिस्टरने चपला काढल्या, कात्री आणि गळ काढायचा चिमटा घेतला.

"उतरू नकोस, खाली चिखल आहे," दादा म्हणाला.

"मग तू उतर."

ती कमरेएवढ्या पाण्यात गेली, माशाला ओल्या हातांनी पोटाशी धरलं, दोरी कापली आणि चिमट्याने गळ काढला. काट्यामुळे माशाचा ओठ फाटला होता. मासा थोडा वेळ तिच्या हातातच राहिला, मग शेपटीचा एक फटकारा मारून गेला.

ती चिखलाने माखून काठावर आली.

"चाळीस वर्षं असंच चाललंय," दादा कोणाकडेही न बघता म्हणाला.

"चाळीस वर्षांत असे किती बांधले गेले, कोणी बघितलं?"

"सगळ्यांसमोर माझी अब्रू काढायची होती तुला?"

"मासा काढायचा होता. अब्रूचं तुझं तू बघ."

दोन आठवडे दादा बोलला नाही. एकदा फोनवर वहिनी हळूच म्हणाली, "एकदा सॉरी म्हणून टाक ना, लहान आहेस." सिस्टर म्हणाली, "लहान आहे, पण चुकले नाही."

मंडळींपैकी दोघांनी गुपचूप शिसं सोडणारे चिमटे विकत घेतले. दादाने घेतले नाहीत. सिस्टर मात्र दर रविवारी त्याच्या अगदी शेजारी खुर्ची मांडायची आणि गळाला मक्याचे दोन दाणे लावायची. एका सकाळी तिची काठी वाकली. तिने घाई न करता साडेपाच किलोचा कार्प जाळीत घेतला. गळ बोटाच्या एका वळणात निघाला. तिने खरचटू नये म्हणून ओल्या गादीवर ठेवून मासा तोलला आणि पाण्यात सोडला. दादा बघत होता.

"वजन किती?" त्याने पहिल्यांदाच विचारलं.

तिने सांगितलं आणि पुन्हा गळ टाकला.