तर्फा आली

'वफा' या शब्दाने मिझनाला पछाडलं होतं. शाळेत बाईंनी अर्थ विचारला आणि तेव्हापासून ती भेटेल त्याचं डोकं खाऊ लागली. आई म्हणाली, "वफा म्हणजे सांगितलेलं पीठ न विसरता आणणं. तुझ्या बाबांना कधी जमलं नाही." बाबा म्हणाले, "दिलेला शब्द न फिरवणं." शेजारचा मेंढपाळ म्हणे, दुष्काळातही न आटलेली विहीर. मिझनाला यातलं काहीच पुरेसं वाटेना. तिच्या मते वफा म्हणजे तर्फा, रोज शाळेच्या बसपर्यंत सोबत येणारी तिची शिकारी कुत्री.

एके दुपारी आंधळ्या खलफकाकांची बायको, उम्म सायिल, वाळवंटातल्या मिझनाच्या तंबूत आली. मिझनाने कॉफी दिली. उम्म सायिलने पेला ओठांना न लावता खाली ठेवला, तसे सगळे सावरून बसले. पाहुणा कॉफी प्यायला नाही म्हणजे काही मागायचंय. आणि काय ते ऐकण्याआधीच हो म्हणायचं, ही रीत.

"पी, उम्म सायिल. दिलं," बाबा म्हणाले.

तिने एका घोटात कॉफी संपवली. "तर्फा हवी. डोळे गेले तेव्हा यांनी ती तुम्हाला दिली. आता अंथरूण धरलंय, तर सारखं तिचंच नाव. म्हणतात, माझी तर्फा मला विसरायची नाही."

"बाबा, ती माझी आहे!"

"शब्द गेला, पोरी."

"मग न्या! बघू कशी येते ती!"

आणि झालंही तसंच. उम्म सायिलने दोरी ओढली, पण तर्फाने पाय रोवले ते रोवलेच. मिझनाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. याला म्हणतात वफा!

उम्म सायिल थकून खालीच बसली. "आता त्यांना काय सांगू गं मी?"

मिझना तिच्याकडे बघत राहिली. मग तिने निमूटपणे दोरी हातात घेतली. ती निघाली, तशी तर्फाही निघाली. वाटभर मिझना तिला दटावत होती, "जुना धनी विसरलीस? लाज नाही वाटत?" आणि वाटभर स्वतःच रडत होती.

खलफकाकांनी चाहूल घेत हात पुढे केला. तो तर्फाच्या गळ्यापर्यंत पोचायच्या आत मिझनाने दोरी सोडवून मुठीत लपवली.

"तर्फे! कुणी आणलं गं तुला?"

"कुणी नाही, काका," मिझना म्हणाली. "आपली आपण आली. मीच आले तिच्या मागोमाग."