गावाची तयारी

यासीनची थप्पड सुफियानच्या कानाखाली सणकून बसली आणि पोरगा बांधून ठेवलेल्या खोक्यांवर आदळला.

“हात वर कर. बघतोस काय? अडव.”

“अब्बा, दुखता है.”

“मराठीत बोल. आणि रडायचं नाय. तिथं रडलास तर रोज मार खाशील.”

जेद्द्याच्या जुन्या बलद भागातल्या त्या दोन खोल्यांत आता खोक्यांखेरीज काही उरलं नव्हतं. कफीलने, म्हणजे जामीन राहिलेल्या अरबी मालकाने, इकामा, तिथे राहण्याचा परवाना, पुढे चालवायला नकार दिला, अत्तराचं दुकान दुसऱ्याच्या हाती गेलं, आणि यासीन बायको-मुलाला घेऊन रत्नागिरीकडच्या आपल्या गावी कायमचा परत निघाला होता. दुकानाचं दुःख त्याने कसंबसं गिळलं होतं. गिळवत नव्हती ती या मुलाची काळजी. सुफियान जेद्द्यातच जन्मला, इथल्याच शाळेत शिकला, आणि गाव त्याला सुट्टीपुरतं ठाऊक. गेल्या सुट्टीत गावातल्या पोरांनी त्याला ‘शेख, शेख’ म्हणून चिडवत नारळीच्या बागेत धरून कुटलं होतं. भुवई फाटून टाके पडले होते. तेवढं होऊनही या पठ्ठ्याने हात उचलला नाही, नुसता ‘सॉरी, सॉरी’ करत राहिला. ते ‘सॉरी’ यासीनच्या कानातून जात नव्हतं. सुट्टी कशीतरी निभावली, आता तिथं आयुष्य काढायचं होतं.

म्हणून रोज दुपार कलताना असरची नमाज झाली की ही शिकवणी. ठोसा कसा चुकवायचा, नाकावर कसा हाणायचा, खाली पडलेल्याला उठू का द्यायचं नाही. हलिमा स्वयंपाकघराच्या दारात ओढणी तोंडाशी धरून उभी राहायची.

“अवो, पोर हाय तो. त्याला गावाची माया लावायची सोडून धास्ती कसली लावता?”

“गेल्या साली मायेने टाके थांबले नाय,” यासीन म्हणायचा, आणि हलिमा आत जायची.

हळूहळू सुफियानचं रडणं बंद झालं. मग एका संध्याकाळी त्याने खरोखरच उलट ठोसा मारला. यासीनचा ओठ फुटला, दात रक्ताने माखले. यासीन रक्त थुंकला आणि इतका खदखदून हसला की हलिमा घाबरून बाहेर आली. त्याने मुलाला छातीशी धरून गदागदा हलवलं. दुकान गेल्यापासून बापाचं हसू सुफियानने पाहिलं नव्हतं. तोही हसला.

पुढच्याच आठवड्यात दुपारी कोणीतरी दार धडाधडा वाजवलं. दारात वरच्या मजल्यावरची ताजुन्निसा उभी होती, यासीनच्याच गावची, महिन्यापूर्वीच नवऱ्याकडे राहायला आलेली. तिने दंडाला धरून आणलेल्या आपल्या मुलाकडे, झयानकडे, बघवत नव्हतं. एक डोळा सुजून मिटला होता, पुढचा दात गेला होता, नाकातून आलेल्या रक्ताने सदरा पार भिजला होता. त्यांच्यामागून सुफियान जिना चढून आला. त्याच्या मुठी सोललेल्या होत्या.

“जिन्यात मारलान,” ताजुन्निसाचा आवाज फाटला होता. “खाली पडला तरी डोक्यात लाथा घालत होता. हारिस, खालचा वॉचमन, गेटवरून धावत आला म्हणून वाचला माझा पोरगा.”

खोटं कशाला सांगावं, यासीनला आधी बरंच वाटलं. पोरगा आता मार खाणार नव्हता. मग त्याने तोंडावर कडकपणा आणला आणि झयानला विचारलं, “चिडवलंस ना त्याला? काय म्हणालास?”

झयानला बोलता येईना. त्याने नुसती नकारार्थी मान हलवली.

उत्तर दिलं सुफियानने, ताठ उभं राहून, आणि चक्क मराठीत. “तो म्हणाला, तू आमच्या गावात येणार ना? आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. मी लगेच नाकावर मारलं. उठू दिलं नाही.”

“हात टाकणारच ना तो!” ताजुन्निसा रडू लागली. “काल गावात चुलतभावाला फोन केलान यानं. माझा दोस्त येतोय, त्याला शाळेत तुझ्या बाकावर बसव, कोणी त्रास दिला तर मधे पड. तेच सांगायला खाली धावला होता.”

हलिमाने झयानला आत नेऊन मोरीजवळ बसवलं आणि ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसू लागली. त्याचं कण्हणं बाहेर ऐकू येत होतं.

सुफियान यासीनकडे मान वर करून बघत होता. चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. बापाच्या शाबासकीची वाट पाहून तो जरा जवळ सरकला.

“अब्बा,” त्याने हळूच विचारलं, “गावात असे अजून किती जण आहेत?”