मथुराबाईचं चौसष्ट साल

मी तसा तापट माणूस. कुणी मला बावळट म्हटलेलं खपत नाही, आणि या एका खोडीपायी एकोणऐंशी साली मी जे करून बसलो ते आजवर धड कुणाला सांगता आलेलं नाही. आता सांगतो.

तेव्हा मी सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या टाइम ऑफिसात क्लार्क होतो. कामगारांची हजेरी, रजा, कोण कधी कामाला लागला, हे सगळं आमच्याकडे. त्या साली गिरणीत कॉम्प्युटर आला आणि पंधरा क्लार्कांतून तो चालवायला मला निवडलं. मग काय, पंचाक्षरी, म्हणजे मी, हवेत! पुण्याला तीन आठवडे शिकून आलो, नवी पेठेतून टेरिकॉटचे दोन शर्ट घेतले आणि बाकीच्यांशी कामापुरतंच बोलायला लागलो. ते मला ‘मशीनवाला’ म्हणायचे. चिडवतायत हे कळत होतं, पण आतून बरंही वाटायचं.

मशीनचं पहिलं मोठं काम म्हणजे बदली कामगारांची यादी. बदली म्हणजे कायम नसलेला. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम मिळणार, नाहीतर आल्या पावली घरी परत. असे तीनशेवर होते. त्यातल्या जुन्यात जुन्या साठ जणांना गिरणी कायम करणार होती, म्हणून प्रत्येकाची लागल्याची तारीख नक्की करायची होती. जुन्या हजेरीबुकांना वाळवी लागलेली. तेव्हा नवरात्रात पाच दिवस लेबर ऑफिसरसाहेबांनी एकेकाची हरकत ऐकली आणि मी शेजारी बसून दुरुस्त्या थेट मशीनवर घेतल्या. बहुतेकांनी काही ना काही कागद आणला होता, तो मी फाइलला लावत गेलो. पाच जणांकडे मात्र कागद नव्हता, नुसता साक्षीदार.

त्या पाचांतली एक मथुराबाई. माढ्याकडची, नवरा वारलेला, वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायची. आमच्या यादीत ती अडुसष्ट साली लागलेली.

“अडुसष्टला न्हाय ओ, चौसष्टला लागले मी,” ती म्हणाली. “बाळंतपणास्नं परत आले तवा नवा लंबर दिला मला, त्यो अडुसष्टचा. तेवडाच धरलाय तुमी.”

साक्षीला तिने करमाळ्याहून हिंदुरावांना आणलं होतं. हे तिच्या खात्यातले जुने जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. निवृत्त होऊन गावी राहत होते. ते साहेबांना म्हणाले, “मीच लावली हिला कामाला. माज्या थोरल्याचं लगीन झालं त्याच साली. चौसष्ट. लिवा.”

“घ्या लिहून,” साहेब मला म्हणाले. मी आकडे दाबले. मथुराबाईला वाचता येत नव्हतं, तरी वाकून मशीनच्या काचेवर बघत तिने विचारलं, “झालं का चौसष्ट?” मी म्हटलं, झालं.

इथं मशीनची रीत सांगायला हवी. यादी असायची एका तबकडीवर. काळ्या चौकोनी पाकिटातली, पाकिटासकट मशीनमध्ये सरकवायची आणि काम झालं की काढून कपाटात ठेवायची. आपण दुरुस्त्या करतो तेव्हा मशीन मूळ यादीला हात लावत नाही. त्याच तबकडीवर बाजूला एक तात्पुरती, कच्ची यादी धरतं. शेवटी हुकूम दिला की कच्चं सगळं मूळ यादीत उतरवतं आणि मग कच्चं पुसून टाकतं. याला वीसेक मिनिटं लागत. तेवढ्या वेळात तबकडी काढायची नाही, हे पुण्याच्या मास्तरांनी मला तीनदा बजावलं होतं. हे काम रोज संध्याकाळी करायचं असतं. मला वीस मिनिटं नुसतं बसायचा कंटाळा, म्हणून मी पाचही दिवसांचं एकदम करायचं ठरवलं.

तो पाचवा दिवस म्हणजे खंडेनवमी. गिरणीत खात्याखात्यांतून हत्यारांची पूजा चाललेली. आमच्या ऑफिसातही पाट मांडला होता. त्यावर टाक, शिक्के, हजेरीच्या घड्याळाची किल्ली, शेजारी टाइपरायटर. पूजेला आमचे टाइमकीपर सिद्धलिंगप्पा. मी नुकताच हुकूम देऊन बाहेर आलो होतो.

“लगू बा, पंचाक्षरी,” ते म्हणाले. “लवकर ये. तुझं हत्यार कुठंय?”

“त्याचं कसलं हत्यार? एक बोट!” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे फिदीफिदी हसले.

माझं डोकं फिरलं. तसाच आत गेलो. मशीनचा लाल दिवा लागलेला होता, म्हणजे काम चालू होतं. दिसत होतं मला. तरी झाकण उघडलं, तबकडी ओढून काढली आणि आणून पाटाच्या मधोमध ठेवली. सिद्धलिंगप्पांनी तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मी छाती काढून उभा. आरती झाली, पेढे झाले. मग पाकिटावरचं कुंकू पुसून मी तबकडी पुन्हा आत सरकवली.

मूळ यादी होती तशीच होती, जुनी. कच्ची यादी मशीनला सापडतच नव्हती. पाच दिवसांचं काम गेलं होतं.

कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर मशीन दुसऱ्याच्या हाती गेलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं. दार लावून बसलो, फाइलमधल्या कागदांवरून एकूण एक दुरुस्ती पुन्हा घातली. बिनकागदाच्या दुरुस्त्या डोक्यातून आठवून घातल्या. सगळ्या आठवल्या असं वाटलं. चोरी पचल्याचा आनंदसुद्धा झाला मला. साहेबांनी सही केली, दसरा झाल्यावर यादी गेटवर लागली आणि साठ जणांना कायम झाल्याची पत्रं मिळाली.

तिसऱ्या दिवशी मथुराबाई टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली. “अण्णा, माजा लंबर कितवा हाय तेवडं बगा की.”

मी यादीवरून बोट फिरवलं. ती त्रेसष्टावी होती. नावापुढे अडुसष्ट. तेव्हा मला आठवलं. काचेवर वाकलेली बाई, करमाळ्याचा म्हातारा, सगळं. मी आठवून चारच दुरुस्त्या घातल्या होत्या.

“त्रेसष्ट,” मी म्हणालो.

“साठात न्हाय?”

“नाही.”

“आन चौसष्ट साल? तुमी माज्याफुडं लिवलं हुतं की. मिशीनीचं काय चुकलं का?”

पकडलं गेलं की मला राग येतो. “मशीन चुकत नाही, बाई,” मी ओरडलोच. “माणसं चुकतात. हिंदुरावांच्या तारखेत फरक निघाला, त्याला मी काय करू?”

ती काही भांडली नाही. “आसं व्हय,” एवढंच म्हणाली आणि गेली. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. साहेबांकडे जावं, असं शंभरदा मनात आलं. पण तिला वर घ्यायचं तर साठाव्या माणसाचं पत्र परत घ्यावं लागणार, आणि ते का, हे सांगावं लागणार.

पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर हिंदुराव आले. सकाळच्या एसटीने करमाळ्याहून आलेले, धोतर धुळीने माखलेलं.

“मथुरा म्हनली, माजी तारीक खोटी निगाली,” ते मला म्हणाले. “थोरल्याचं लगीन चौसष्टलाच, आसं म्हातारीबी म्हनती. पन मलाच आता धड आटवंना. मिशीन म्हनतंय त्येच खरं आसंल. त्ये काय कुनाच्या वळकीचं न्हाय.” मग ते तिच्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. “माज्यापायी तुजी जागा गेली, पोरी. डोस्कं गेलं माजं. बिनकामाचा झालो मी.”

“आसू द्या, काका,” ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

मला ते बघवेना. “हिंदुराव,” मी म्हणालो, “तुमची तारीख बरोबर होती. चौसष्टच. माझ्या हातून ते पुसलं गेलं, आणि परत घालायचं मी विसरलो. चूक माझी आहे.”

 म्हाताऱ्याने खिडकीतून हात आत घालून माझ्या खांद्यावर ठेवला.

“लई चांगल्या घरचा हाईस,” तो म्हणाला. “म्हाताऱ्याची लाज राकाया आंगावर घेतुयास. पन आसं बोलू नगंस बाबा. साहेबाच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल तुजी.”

“व्हय अण्णा,” मथुराबाई म्हणाली. “आमच्यापायी तुमी नका खोटं बोलू.”

दोघं गेटकडे चालू लागले. म्हातारा चालता चालता तिची माफी मागत होता, ती नको नको म्हणत होती. साहेबांची खोली माझ्यापासून दहा पावलांवर होती आणि दार उघडं होतं. हाक मारून दोघांना परत बोलवायचं, आत न्यायचं, एवढंच करायचं होतं. मी खुर्चीतून उठलो नाही. आणि खरं सांगतो, मला तेव्हा हायसं वाटलं.